होडीत चार, बाहेर एक

अन्याय झाला तो सहावीतल्या एका मुलीवर. भोगीच्या दिवशी, दुपारची खिचडी खाऊन पोरं वर्गात परतली त्यानंतरच्या पहिल्याच तासाला. ठिकाण राहुरी तालुक्यातल्या एका गावची शाळा. अन्याय करणारा कुणी गुंड नव्हता. मारहाण झाली नाही, शिवीगाळ झाली नाही. एक खेळ झाला. मॅडम हसत होत्या, पोरं हसत होती, आणि त्या हसण्यात एका मुलीला पुन्हा पुन्हा बाहेर काढलं गेलं. मी खिडकीपाशी उभी होते. डोळ्यांनी बघितलंय, म्हणून सांगते.

पत्रकात आम्ही असंच लिहितो. कुणावर, कधी, कुठं. मग थेट मागणी. मधे पाल्हाळ नको, पान वाया जातं, असं मला शिकवलेलं आहे. पण हे पत्रक नाही. आणि या प्रकरणात जे काही आहे ते सगळं मधेच आहे, म्हणून मधलं सांगणार.

दिवाळी सरली की राहुरीच्या आसपासच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बहुतेक पाथर्डी-शेवगावकडच्या, काही त्याहून पुढच्या. कारखान्याच्या जवळ नाहीतर एखाद्या पडीक वावरात पाचटाच्या आणि प्लॅस्टिकच्या कोप्या उभ्या राहतात. आईबाप पहाटे फडात जातात, पोरं कोपीवर. धाकट्याला सांभाळायचं, पाणी भरायचं, शेळी असली तर शेळी बघायची. आम्ही काही कार्यकर्ते हिवाळाभर या कोप्यांवर फिरतो. हातात पत्रकं असतात. पत्रकं वाचायला कुणाला वेळ नसतो, त्यावर पोरं बसतात. आमचं खरं काम बोलण्याचं. पोराला जवळच्या शाळेत बसवा, हंगाम संपेपर्यंत का होईना बसवा, एवढं एकच तोंड दुखेपर्यंत बोलायचं.

ही मुलगी अशीच भेटली. पाथर्डीच्या डोंगराकडची. गावाकडे पाचवी झालेली, अक्षर चांगलं, बोलणं कमी. कोपीत आई, बाप, तिचा चुलता आणि रांगणारा भाऊ. भावाला सांभाळायला शेजारच्या कोपीतली म्हातारी तयार होती, म्हणजे तो प्रश्न नव्हता. प्रश्न चुलत्याचा होता.

ऊसतोडीत माणसं जोडीनं मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक जण तोडतो, दुसरं मोळी बांधतं, डोक्यावरून गाडीपर्यंत नेतं. एकटा माणूस असला की त्याला अर्धा कोयता म्हणतात. चुलत्याची बायको बाळंतपणासाठी गावीच राहिली होती, त्यामुळे तो यंदा अर्धा कोयता होता. टोळीच्या मुकादमाला अर्धा परवडत नव्हता. पोरगी मोठी झालीय, चुलत्याच्या मागं मोळ्या बांधू द्या, पुरा कोयता होईल, असं तो रोज बापाला ऐकवत होता. बाप होय म्हणत नव्हता, नाहीही म्हणत नव्हता. मी तिथं जाऊन बसायचे. बसायचे कसली, उभीच असायचे. मला बसवत नाही. माझे पाय सारखे हलतात, त्यावरून आई अजून बोलते.

शेवटी एका संध्याकाळी बाप म्हणाला, "ताई, तुमी लईच मागं लागल्या. संक्रांतीपत्तुर जाऊ द्या तिला. तिचं तिथं मन रमलं तर रमलं. न्हाई रमलं तर मग मला बोलायचं न्हाई."

मी हो म्हणाले. म्हणजे सौदा असा ठरला: शाळेत तिचं मन रमलं तर वही, नाही रमलं तर कोयता. मधे दुसरं काही नव्हतं. हे तुम्ही नीट लक्षात घ्या, कारण भोगीच्या दिवशी त्या वर्गात जे झालं ते एवढं पणाला लागलेलं असताना झालं.

शाळा चांगली. रंगवलेल्या भिंती, स्वच्छ अंगण, मागं कालव्याची चारी. सहावीच्या मॅडम नगरहून रोज बसनं ये-जा करायच्या. तरुण, माझ्याहून जरा मोठ्या असतील. मुलगी आली तेव्हा त्यांनी तिला पुढच्या बाकावर बसवलं, जुनं का होईना पुस्तक दिलं. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नव्हती. मुलगी चार शब्द बोलत नव्हती एवढंच. डबा नाही, खिचडी शाळेतच, पण रांगेत ती टोकाला बसायची आणि तिच्या शेजारी दोन माणसांची जागा मोकळी असायची. भोगीच्या दिवशी मी सहज डोकवायला गेले तर मॅडम म्हणाल्या, बरं झालं आलात, आज वर्गाला मोकळं करायचा खेळ घेणार आहे, तुमच्या मुलीसाठीच.

खेळ तुम्ही खेळला असाल. शिबिरात हमखास असतो. बाकं भिंतीला लावली. पोरं हात मारत, पोहल्यासारखी वर्गभर फिरायला लागली. मॅडम म्हणायच्या, वादळ आलं. पोरं विचारायची, मग काय झालं. होडी बुडाली. आता काय करायचं. मग मॅडम आकडा सांगायच्या, होडीत चार. की लगेच चार-चार जणांनी एकमेकांना घट्ट धरायचं. जे उरलं ते बुडालं. बाद. भिंतीला टेकून उभं राहायचं.

पहिल्या खेपेला मुली तिघी-तिघी धरून उभ्या राहिल्या आणि चौथीला हाका मारायला लागल्या. माझी मुलगी अशाच एका त्रिकुटापासून हातभर अंतरावर उभी होती. हात पुढं केलेला. त्यांनी तिच्या डोक्यावरून पलीकडच्या मैत्रिणीला बोलावलं. ती मैत्रीण दुसऱ्या होडीत होती, तिला तिथून वेणीला धरून ओढून आणली. तिकडं एक कमी पडली, त्यांनी आणखी कुणाला तरी ओढलं. असं सगळं जहाज फिरून आलं आणि माझी मुलगी जिथल्या तिथं उभी. बाद.

मॅडमना वाईट वाटलं. खरंच वाटलं. त्या म्हणाल्या, ही नवीन आहे, तिला आणखी एक संधी देऊया. संधी दिली. होडीत तीन. पुन्हा तेच. मॅडमनी पुन्हा संधी दिली. त्यांचा चांगुलपणा जितका वाढत गेला तितक्या वेळा ती बाद होत गेली. एकदाच बाद झाली असती तर भिंतीपाशी गपचूप उभी राहून सुटली असती.

मग मुलांच्या होडीतनं एक जाड्या पोरगा म्हणाला, "मॅडम, ती अर्धा कोयता हाय. तिला जोडी न्हाई."

वर्ग हसत सुटला. या पोरांच्या बापांचे ऊस आहेत, टोळ्या त्यांच्या बांधावर येतात. अर्धा कोयता म्हणजे काय हे त्यांना पाढ्यासारखं पाठ. मॅडम नगरच्या. त्यांना तो शब्द कळला नाही, पण वर्ग हसतोय म्हणून त्याही हसल्या. मुलीनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं. दप्तर उचललं. दारातून निघून चारीच्या कडेकडेनं ती चालायला लागली. मी हाक मारली. तिनं वळून बघितलं नाही.

मी आधी मॅडमना गाठलं. व्हरांड्यात, सगळ्यांदेखत.

"तुम्ही त्या मुलीला बाद केलंत," मी म्हणाले.

"मी कुठं केलं? खेळात झाली ती."

"खेळ कुणी घेतला?"

मॅडम लाल झाल्या. म्हणाल्या, ताई, तुम्ही येता, बोलता आणि गाडीला किक मारून जाता. मला रोज ही पंचवीस पोरं सांभाळायचीत. नवीन मूल आलं की आइसब्रेकर घ्या, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलंय. लिहून दिलंय. मी तेच केलं, तिच्यासाठी केलं. तुमच्याकडं याहून चांगला खेळ असेल तर द्या.

माझ्याकडं खेळ नव्हता. माझ्याकडं घोषणा होत्या. त्या व्हरांड्यात चालणाऱ्या नव्हत्या.

खरं तर अशा खेळांशी माझं जुनं वैर आहे. आम्हा कार्यकर्त्यांचंही प्रशिक्षण होतं, नगरच्या एका सभागृहात. चटयांवर गोल बसवतात. चेंडू फेकायचा, ज्याच्याकडं जाईल त्यानं नाव सांगायचं आणि नावाच्या पहिल्या अक्षराचं फळ. लोकरीचा गुंडा फेकून जाळं विणायचं आणि मग प्रशिक्षक विचारणार, यातून तुम्ही काय शिकलात. डोळे मिटून दुसऱ्याचे हात धरायचे आणि झालेली गाठ सोडवायची. त्या गाठीत माझा हात एका गावच्या माजी सरपंचांच्या हातात होता आणि ते दुसऱ्या हातानं फोनवर बोलत होते. गाठ सुटली नाही, चहा आला म्हणून सगळे उठले. तिथं मला कुणी बाद केलं नव्हतं. तरी मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

भोगीच्या त्या दिवशी घरी परतताना मात्र मला वेगळंच सुचत राहिलं. बर्फ फोडायचा म्हणतात, तर त्या वर्गात बर्फ होता कुठं? ती पोरं अंगणवाडीपासून एकत्र. अर्धी एकमेकांची चुलत-मावस भावंडं, उरलेली शेजारी. एकमेकांच्या घरात भाकरी खातात, एकमेकांची खोडी काढतात, परत एकत्र येतात. त्यांना ओळख करून घ्यायची गरजच नव्हती. होडीत कुणाला ओढायचं हे त्यांचं जन्मापासून ठरलेलं होतं. बर्फ सगळा एकाच मुलीभोवती होता. आणि खेळ असा की तो आधीच घट्ट असलेल्यांना आणखी घट्ट धरायला लावतो, आणि सुट्या असलेल्याला सुटं म्हणून सगळ्यांसमोर उभं करतो. हे कोणत्या शहाण्यानं ओळखीचा खेळ म्हणून खपवलं?

संक्रांतीला शाळेला सुट्टी. घरी आई तीळ भाजत होती, मी आतबाहेर करत होते. आई म्हणाली, एक तर बस नाहीतर जा. मी गेले. कोपीवर म्हातारी आणि बाळ तेवढं होतं. म्हातारी म्हणाली, फडात हाईत समदे, पोरगीबी.

फड कालव्यापलीकडं. सण असला तरी तोड थांबत नाही, गाडी भरायचीच असते. बाप आणि आई एका सरीत, चुलता पलीकडच्या सरीत, आणि त्याच्या मागं ती. डोक्याला आईचं जुनं फडकं, हातावर पाचटाचे ओरखडे. खाली बसून उसाची मोळी आवळत होती. तिच्यापेक्षा मोळी मोठी. मुकादम बांधावर मोटारसायकलला टेकून उभा. मला बघून म्हणाला, "या ताई, तिळगूळ घ्या. झाला बगा आमचा कोयता पुरा."

मी तिळगूळ न घेता सरळ बापाकडं गेले. त्यानं कोयता थांबवला नाही. तोडता तोडता म्हणाला, ताई, आपलं बोलनं झालं हुतं.

मग मी मुलीजवळ जाऊन उकिडवी बसले. म्हणाले, एका खेळासाठी शाळा सोडतेस होय. त्या पोराचं काय मनावर घेतेस. उद्या मी मॅडमना सांगते, त्याला शिक्षा करतील. मी बरंच बोलले. शिक्षणाचं महत्त्व वगैरे, जे मला झोपेतही येतं. तिनं मोळीची गाठ मारली, गुडघा दाबून घट्ट केली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली,

"तिथं बाद करत्यात. इथं न्हाई करत कुनी बाद."

मी उठून बांधावर आले. 

काय खोटं होतं त्यात, सांगा. ऊसतोड पोरांचं बालपण खाते, हे आमच्या प्रत्येक पत्रकात आहे, आणि ते खरं आहे. पण त्या फडात तिला जागा होती. चुलत्याला ती हवी होती, मुकादमाला हवी होती, आईला तिच्या असण्याचा आधार होता. ती नसती तर एक सरी मागं पडली असती. आणि आमची शाळा, रंगवलेली, मोफत, जिच्यासाठी मी या लोकांच्या हातापाया पडले ती शाळा, तिथं ती नसल्यानं एकही होडी अडत नव्हती. तिला फडानं ओढलं नाही. आम्ही ढकललं. राग कुणाचा करावा हेच मला कळेना, आणि मला राग नुसता ठेवता येत नाही, तो कुठंतरी न्यावा लागतो.

दुसऱ्या दिवशी मी तो शाळेत नेला. मॅडमना बाजूला घेतलं आणि मुलगी जे बोलली ते शब्दाला शब्द सांगितलं. माझं स्वतःचं काहीही जोडलं नाही. त्यांनी विचारलं, तो पोरगा काय म्हणाला होता, अर्धा काय? मी अर्थ सांगितला. चुलत्याचं सांगितलं, सौद्याचं सांगितलं. मॅडम खिडकीची कडी काढत-घालत राहिल्या.

"आणि मी हसले होते," त्या म्हणाल्या.

"हो."

"शाळा सुटल्यावर मला तिथं घेऊन चला."

त्यांची साडेपाचची बस चुकणार होती. त्या माझ्या स्कूटीवर मागं बसल्या, एका बाजूला पाय घेऊन, पर्स छातीशी धरून. कालव्याच्या कच्च्या रस्त्यानं दोनदा म्हणाल्या, जरा हळू. कोप्यांवर चुली पेटल्या होत्या. मॅडम आल्या म्हटल्यावर बायका जमल्या. मुलीची आई पदर सावरत पुढं आली आणि पहिल्यांदा तिनं काय सांगावं, तर आज कर हाय, मॅडम, आज नवं काय बोलू नका. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं कुणी काही सुरू करत नाही.

मॅडम म्हणाल्या, नवं काही नाही हो. जुनाच खेळ आहे. फक्त आता त्यात कुणी बाद होणार नाही, एवढं सांगायला आले.

मुलगी कोपीच्या तोंडाशी भावाला कडेवर घेऊन उभी होती. ती पहिल्यांदाच मॅडमशी आपण होऊन बोलली.

"बाद न्हाई? मग खेळ सपतो कसा?"

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं.  प्रशिक्षणात हे कुणी विचारलं नव्हतं. मॅडम खरं बोलल्या. म्हणाल्या, मलाही माहीत नाही. उद्या खेळून बघू, संपला तर संपला.

मुलीनं भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं. तिला खोटं उत्तर चाललं नसतं असं मला वाटतं. बाप चिलीम साफ करत होता. बोलला तो चुलता. पातेल्यातली भाजी ढवळत म्हणाला, "जा गं तू. मला एकट्याची सवं हाय. सासरवाडीला गेल्तो तरी बायकू पुढं, मी मागंच." बायका हसल्या. बापही जरासा हसला. मग त्यानं चिलीम खाली ठेवली आणि मॅडमना सांगितलं, उद्याचा एक दिस. पुन्हा पोरीला बाद केलं तर शाळंचं नाव काढायचं न्हाई, ना तुमी, ना ह्या ताईनी.

मॅडमना मी राहुरीच्या स्टँडवर सोडलं. बस लागेपर्यंत त्या एका वहीच्या मागच्या पानावर गोल काढत होत्या.

सकाळी त्यांनी अंगणात खडूनं होड्या आखल्या. मोठ्या, फुगीर पोटाच्या, दोन टोकं असलेल्या. नियम असा: वादळ आलं की सगळ्यांनी होडीत शिरायचं. दर खेपेला एक होडी पायानं पुसायची. माणसं तेवढीच, होड्या कमी. कुणाचाही एक पाय बाहेर राहिला तर सगळा वर्ग बुडाला.

सुरुवातीला मजेत चाललं. होड्या पुष्कळ होत्या, मुलांनी मुलांच्या पकडल्या, मुलींनी मुलींच्या. माझी मुलगी एका टोकाला उभी होती, पण आत. मग होड्या पुसत गेल्या आणि खरी पंचाईत झाली. मुलं-मुली एका होडीत यायला लागले. आमच्याकडं सहावीतलं पोरगं मुलीचा हात धरणार नाही, मेलं तरी नाही. धरला तर वर्षभर चिडवतील. एकानं खिशातला रुमाल काढला, एक टोक स्वतः धरलं, दुसरं मुलीपुढं केलं. बघता बघता रुमाल निघाले, ओढण्या निघाल्या, एकानं तर बेल्ट काढला. रुमालाला धरून, तोंडं उलट दिशेला करून सगळे उभे. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, लग्नाच्या गाठी मारल्यात आणि सगळे रुसलेत.

शेवटची होडी उरली. सगळा वर्ग तीत मावेना. तो जाड्या पोरगा काठावर, एका पायावर, दोन्ही हात हवेत. त्याची टाच सारखी रेषेबाहेर जात होती आणि पोरं त्याच्यावर ओरडत होती, तुझ्यामुळं बुडतोय, पोट आत घे. म्हणजे आता बाहेर पडणारा तो होता. मी बघत होते. त्याला होडीतनं ढकलून द्यावा असं दोघा-तिघांच्या मनात आलेलं मला दिसलं. एकानं खांदा लावलाही. तेवढ्यात मागून कुणीतरी त्याच्या सदऱ्याची कॉलर मुठीत धरली आणि आत ओढलं.

"फाटंल की गं," तो म्हणाला.

"फाटू दे. बुडू नगंस," माझी मुलगी म्हणाली.

आणि सगळे पडले. एकावर एक, धुळीत, खडूत. होडी पुसली गेली. मॅडमनी विचारलंही नाही की यातून काय शिकलात. त्या पदरानं डोळ्यांतली धूळ काढत होत्या. मुलगी उठली, फ्रॉक झटकला आणि मॅडमना म्हणाली, "असा सपतो व्हय."

आता तुम्हाला वाटेल की गोष्ट इथं गोड झाली. नाही झाली. दुपारी खिचडीच्या रांगेत ती पुन्हा टोकाला बसली. शेजारची जागा पुन्हा मोकळी. एका खेळानं काय होतं? मी चिडून तिथंच येरझारा घालत होते. मग वेणीवाली, जिला त्या दिवशी ओढून नेली होती ती, ताट घेऊन सरकली आणि तिनं विचारलं, फडात खरंच बिबट्या असतो का गं. माझी मुलगी म्हणाली, असतो. मागल्या महिन्यात तोडताना पिल्लं सापडली हुती, मांजरीवानी, डोळं मिटल्यालं. आमी तोड थांबवली. त्यांची आई संध्याकाळी येऊन घेऊन गेली, तोवर समदे लांब जाऊन बसलो. झालं. ताटं घेऊन सगळी रांग तिच्याकडं सरकली. पिल्लांना हात लावला का, आई अंगावर आली का, वास येतो का. जाड्या पोरगा म्हणाला, आमच्या उसात तर दोन हाईत. ती म्हणाली, बघितलेत का तू. तो म्हणाला, न्हाई. सगळे त्याला हसले. बर्फ फुटला असेल तर तो तेव्हा. पण सकाळचा खेळ झाला नसता तर तो फुटला नसता, हेही तितकंच खरं. ज्या पोरीला भिंतीपाशी उभी केलीय तिला बिबट्याचं कुणी विचारत नाही.

ती त्यानंतर शाळेत यायला लागली. आणायला जावं लागेना. चुलता अर्धाच राहिला, मुकादम कुरकुरत राहिला. बापानं मला एकदा रस्त्यात थांबवून सांगितलं की पोरगी कोपीवर भावाला होडीचा खेळ शिकवती, तो रांगतो आन् बाहेर जातो. मी हसले. त्या दिवसांत मी जरा स्थिर होते, आईच्याही लक्षात आलं.

मग एके सकाळी गेले तर कोप्या मोडलेल्या. चुलींची राख, प्लॅस्टिकच्या चिंध्या, पाचटाचा ढीग. या भागातली तोड संपली होती, टोळी पुढं हलत होती. नेवाशाकडं, घोडेगावच्या पलीकडं कुठंतरी, पुढचा फड लागला होता. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, माणसं. ती वर बसली होती, दप्तर मांडीवर. मी धावत गेले. कुठलं गाव, म्हणून विचारलं. मुकादम म्हणाला, जिथं ऊस तिथं गाव. बापालाही नाव माहीत नव्हतं. ट्रॅक्टर सुरू झाला तेव्हा बाप वाकून मला म्हणाला,

"तिथंबी शाळा आसंल ना ताई? धाडीन मी. पन तिथंबी बाद करत आसतील, तर न्हाई धाडनार. पुन्हा पुन्हा न्हाई तिला तसं बघवत."

मुलीनं दप्तर जवळ ओढलं. तिला माहीत होतं की तिथं पुन्हा पहिल्यापासून आहे.

मी मॅडमना सांगितलं. त्यांनी नेवाशाकडच्या ओळखीच्या शिक्षिकांना फोन केले. मी घोडेगावापर्यंत दोन फेऱ्या मारल्या, जनावरांच्या बाजाराच्या दिवशी गर्दीत टोळीची माणसं दिसतात का बघितलं. मुकादमाचा फोन लागत नाही. सापडलेली नाही अजून. म्हणजे हे तुम्ही वाचत असाल तेव्हा ती कुठल्यातरी वर्गाच्या दारात दप्तर घेऊन उभी असेल, नाहीतर कुठल्यातरी फडात मोळी आवळत असेल. यातलं कुठलं, ते त्या वर्गाच्या पहिल्या खेळावर ठरणार आहे. तो वर्ग तुमचाही असू शकेल.

म्हणून मागणी. तुम्ही शिक्षक असाल, शिबिर घेत असाल, शिक्षकांना प्रशिक्षण देत असाल, किंवा रविवारी गल्लीतल्या पोरांना नुसते खेळवत असाल, तरी ही तुम्हालाच आहे. ज्या खेळात एकजण उरतो, तो ओळखीचा खेळ म्हणून घेऊ नका. त्यातला बाद करायचा नियम काढून टाका. विचार करतो म्हणू नका, वरून लेखी येईपर्यंत थांबू नका. उद्याच्या पहिल्या तासाला काढा. आणि हंगामात नवीन मूल दारात आलं, तर ते कुठल्या टोळीचं, किती दिवसांचं, हे विचारण्याआधी त्याला आत घ्या.